ट्रोशेटियाची पाटी : कामाच्या नोंदी

४ जुलै २०२४

वाचनालयाची बैठक झाली. गणपतीच्या आधी ‘कोकणातून मॉरिशसला’ हे छोटं प्रदर्शन लावायचं ठरलं. जहाजं, ऊसमळे, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट (मळ्यांवर नेलेले मजूर जिथे उतरवत तो धक्का), तिथं रुजलेली मराठी घरं, हे सगळं इतिहासवाल्यांकडे. झाडाफुलांची एक पाटी माझ्या गळ्यात पडली, कारण मी जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर आणि बैठकीला वेळेवर आलेला एकटाच. आकार तीन बाय चार फूट. मजकूर दीडशे शब्दांवर जाता कामा नये. ग्रंथपालांनी वर बजावलं, “मास्तर, डोडो घेऊ नका, तो दुसऱ्या पाटीवर आहे.”

मग मॉरिशसचं राष्ट्रीय फूल घेतलं. १२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला, त्याच दिवशी या फुलाला हा मान मिळाला. झुडूप लहानसं, फूल घंटेसारखं लोंबतं, गुलाबी-लाल, पाकळ्यांना मेणासारखी तकाकी. रानात ते एकाच ठिकाणी उगवतं : बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, ल मॉर्न ब्राबां नावाच्या ५५६ मीटर उंचीच्या कातळावर. मळ्यांतून पळालेले गुलाम याच डोंगरावर लपून राहत, म्हणून २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे एका पाटीला पुरून उरेल एवढा ऐवज हाताशी आहे. आठवड्यात काम उरकेल असं वाटतं.

५ जुलै

उरकणार नाही. पहिल्याच शब्दाला अडलो.

फुलाच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द, Trochetia, देवनागरीत लिहायचा कसा? रोमन लिपीत काही अडत नाही. अक्षरं उतरवून घ्यायची, उच्चार ज्याचा त्याने करावा. वर्गात मी तीस वर्षं असंच केलं. फळ्यावर रोमन नाव लिहायचं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं. देवनागरीत पुटपुटता येत नाही. ‘के’ तरी लिहा, ‘चे’ तरी लिहा, नाहीतर ‘शे’.

आज वहीत चार रूपं लिहिली : ट्रोकेटिया, ट्रोचेटिया, ट्रोशेटिया, ट्रोशेशिया. पहिलं बरं वाटलं. ग्रीक भाषेत ‘ट्रोखोस’ म्हणजे चाक, फुलाच्या पाकळ्या गोलात मांडलेल्या, म्हणजे हे चाकाचं फूल असणार. लगेच वाक्यही तयार केलं : “चाकासारख्या रचनेवरून हे नाव पडले असावे.” या ‘असावे’ने आजवर किती मास्तरांची अब्रू झाकली असेल, देव जाणे.

७ जुलै

‘असावे’ खोडलं. चाकाचा काडीचाही संबंध नाही. नाव माणसाचं आहे.

आंरी द्यूत्रोशे, फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ, १७७६ ते १८४७. त्याच्या आडनावातला ‘द्यू’ गाळून उरलेल्या ‘त्रोशे’ला लॅटिन शेपूट लावली आणि प्रजातीचं नाव झालं. म्हणजे मधलं अक्षर ‘श’च. फ्रेंचमध्ये ते शच आहे, मॉरिशसमध्येही फ्रेंच वळणाने शच म्हणतात. ट्रोकेटिया लिहिलं तर माणूस पुसला जातो आणि नसलेलं चाक फिरायला लागतं.

शेवटच्या ‘टिया’चा मात्र गुंता राहतो. इंग्रजी वळणाने बोलणारे त्याचं ‘शिया’ करतात. एका शब्दात दोन श मला जड वाटतात. ‘ट्रोशेटिया’ पक्कं.

९ जुलै

द्यूत्रोशेवर दोन दिवस गेले. दीडशे शब्दांत त्याच्या वाट्याला एक ओळ येणार हे ठाऊक असूनही वाचत राहिलो.

घरचा जमीनजुमला असलेलं कुटुंब फ्रेंच राज्यक्रांतीत धुऊन निघालं. मग हा वैद्यक शिकला, लष्करी डॉक्टर होऊन स्पेनला गेला, बुर्गोसच्या रुग्णालयाचा मुख्य झाला. १८०९ मध्ये परत आला आणि पुढे जन्मभर झाडं, बेडूक, अंडी, पडदे यांत डोकं घालून बसला. आपण त्याला ओळखतो ते परासरणासाठी. पातळ पडद्याच्या पिशवीत दाट द्रव भरून ती पाण्यात ठेवली की पाणी आत शिरतं आणि पिशवी फुगते. आत शिरण्याला आणि बाहेर पडण्याला त्याने १८२६ मध्ये दोन वेगळे शब्द घडवले. आजचा ‘ऑस्मोसिस’ त्यांच्यातूनच आला.

पाटीवर हे कसं सांगायचं याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळालं. ही लोणच्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवत होती. हंगाम उलटून गेलेल्या, शेवटच्या आंबट कैऱ्या. तासाभराने परात कलती केली तर कडेला बोटभर पाणी. फोड तीच, पण अंग चोरून बसलेली, कडा किंचित आत वळलेल्या. संध्याकाळी खिरीतले मनुके टम्म फुगलेले. एकाच दिवसात द्यूत्रोशे दोन्ही दिशांनी घरात येऊन गेला. ओळ मिळाली : “लोणच्याच्या फोडीला पाणी का सुटतं हे ज्याने जगाला समजावलं, त्याच्या नावाचं हे फूल.”

मग तारखा ताडून पाहिल्या. ओळ खरी आहे, पण तिच्यात एक खोच आहे. फुलाला नाव मिळालं १८२३ मध्ये. परासरणाचा शब्द १८२६ चा. म्हणजे ज्या कामाने तो पुढे नावाजला ते काम व्हायच्या आधीच फूल त्याच्या नावावर झालं होतं. नाव देणारा जिनिव्हाचा ओग्युस्तँ पिराम द कांदोल. ‘टॅक्सॉनॉमी’, म्हणजे वर्गीकरणशास्त्र, हा शब्दही याच द कांदोलने १८१३ मध्ये घडवलेला. एका शब्द पाडणाऱ्याने दुसऱ्याच्या नावाचं फूल केलं आणि दुसऱ्याने आपला शब्द नंतर पाडला. पाटीवर यातलं काही मावणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१२ जुलै

मजकुराचा पहिला खर्डा ग्रंथपालांना दाखवला. त्यांचं बोट ‘प्रजाती’वर थांबलं. “एका प्रजातीत सहा जाती? उलटं झालंय का मास्तर?”

उलटं झालेलं नाही, पण शंका रास्त. आपल्या विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती मोठी आणि तिच्या पोटात जाती. हिंदीत वंश मोठा आणि प्रजाति लहान. हल्ली मराठी वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असं सर्रास येतं, तेव्हा बातमी एका जातीची असते. मुलं टीव्हीवर हिंदी ऐकतात आणि शाळेत माझ्यासारख्याचं. ज्या शास्त्राचं अर्धं काम नावं नीट ठेवणं हे, त्याच्या पायरीचंच नाव दोन भाषांत खालीवर झालेलं आहे.

पाटीवर ‘प्रजाती’ ठेवतोय, पण वाक्य असं फिरवलं : “ट्रोशेटिया हे घराणं, त्यात सहा भावंडं.” ग्रंथपाल खूश. मी तितकासा नाही.

१६ जुलै

सहा भावंडांची यादी. पाच मॉरिशसची, एक शेजारच्या रियुनियन बेटावरची. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

युनिफ्लोरा आणि ट्रायफ्लोरा, म्हणजे एकफुली आणि तिफुली. या दोघींना द कांदोलनेच नाव दिलं. ग्रॅन्युलाटा रियुनियनची, नाव कोर्दमुआने दिलेलं. पार्विफ्लोरा, लहान फुलांची. ब्लॅकबर्नियाना. आणि आपली, ल मॉर्नवरची, बूटोनियाना.

शेवटची नीट बघण्यासारखी. तिचं नाव लुई बूतों याच्यावरून. हा मॉरिशसमध्येच जन्मलेला निसर्गअभ्यासक, तिथल्या कला-विज्ञान संस्थेचा बराच काळ चिटणीस, १८७८ मध्ये वारला. नाव देणारा फ्रिदमान विसाव्या शतकातला. म्हणजे एका फुलाच्या दोन शब्दी नावात दोन माणसं : प्रजातीत फ्रान्सचा विद्वान, जातीत बेटाचा स्वतःचा. ज्यांनी त्या कातळावर जीव मुठीत धरून दिवस काढले, त्यांतला एकही नावात नाही. डोंगरावरच्या माणसांची नावं मळ्याच्या वहीत होती, तीही मालकाने ठेवलेली.

पार्विफ्लोरा आणि ब्लॅकबर्नियानापुढे ‘बोजेर एक्स बेकर’ असं लागतं. ते ‘एक्स’ काय, असं मुलं हमखास विचारायची. बोजेर मूळचा बोहेमियाचा, आयुष्य मॉरिशसमध्ये गेलं. १८३७ मध्ये त्याने बेटावरच्या झाडांची मोठी यादी छापली. बऱ्याच झाडांना त्यात नाव होतं, वर्णन नव्हतं. वर्णनाशिवाय नाव म्हणजे बारशाला पाळणा आहे, बाळ नाही. चाळीस वर्षांनी, १८७७ मध्ये, लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या बेकरने वर्णनासकट तीच नावं छापली, तेव्हा ती पक्की झाली. ‘एक्स’ म्हणजे ठेवलं बोजेरने, नोंदवलं बेकरने.

या बोजेरचं नाव कुठेतरी आधी वाचल्यासारखं वाटत होतं. शाळेच्या जुन्या वहीत सापडलं. गुलमोहर! मादागास्करातला गुलमोहर शास्त्रापुढे आणला तो यानेच, आणि तिथेही ‘बोजेर एक्स’ लागलेलंच. गड्याला स्वतःचं बारसं स्वतः पुरतं करायची सवयच नव्हती. एसटी स्टँडबाहेरच्या गुलमोहराखाली मी चाळीस वर्षं बसची वाट पाहिली, तो या माणसाच्या हातून आला हे आता कळतंय.

२० जुलै

दोन दिवस वीज नव्हती. काम शून्य.

आज माद्रिदची बातमी वाचली. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेआधी नामकरणाच्या नियमांवर मतदान होतं, त्यात यंदा पहिल्यांदाच अपमानकारक म्हणून काही नावं बदलायचं ठरलं. दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांना हिणवायला वापरला जाणारा शब्द दोनशेहून अधिक झाडांच्या नावांत ‘काफ्रा’ म्हणून बसलाय. आता तिथे ‘आफ्रा’ येणार, म्हणजे नुसतं ‘आफ्रिकेची’. एक अक्षर काढायचं. ठराव ३५१ विरुद्ध २०५ मतांनी झाला. आपल्या पांगाऱ्याची आफ्रिकेतली बहीण त्या यादीत आहे.

माझं मत : चांगलं झालं. नावं कायम राहावीत म्हणून नियम आहेत हे मान्य, पण शिवी कायम राहावी म्हणून नाहीत. माणसाच्या नावावरून झाडाला नाव द्यावं का, हा प्रश्न वेगळा. जुन्नरजवळ सापडलेल्या शिंदळ माकुडीला वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने मुंबईच्या गव्हर्नर फ्रियर यांच्या नावाने ‘फ्रेरिया’ केलं. पुढे ती प्रजातीच दुसऱ्या प्रजातीत विलीन केली, तरी जातीच्या नावात साहेब राहिलेच. शिवनेरीच्या कड्यावरच्या झाडावर गव्हर्नर! त्यापुढे द्यूत्रोशे परवडला. निदान झाडात पाणी कसं चढतं याचा विचार तरी त्याने केला होता.

२४ जुलै

चित्रकार ताई आल्या. शेजारच्या गावात चित्रकला शिकवतात. त्यांना फुलाचं वर्णन दिलं, रंग दिले. मग सांगितलं, “आणि फुलाशेजारी एक पाल काढायची.”

त्या थांबल्या. “पाल?”

पाल. या फुलांचा मध लाल असतो. पाण्यासारखा नितळ नाही, खरोखरचा लाल. ब्लॅकबर्नियानाचा पिवळा. रंगीत मध ही फुलांच्या जगात फार दुर्मिळ गोष्ट आणि मॉरिशसमध्ये ती एकाहून अधिक झाडांत आहे. असं का, हे बराच काळ कोडंच होतं. २००६ मध्ये हान्सेन आणि सहकाऱ्यांनी खोट्या फुलांत रंगीत आणि बिनरंगी मध ठेवून पाहिला. तिथल्या दिवसा फिरणाऱ्या हिरव्या पाली रंगीत मधाकडे जास्त गेल्या. लोंबत्या घंटेत डोकं खुपसायचं, मध चाटायचा, कपाळाला पराग लावून पुढच्या फुलाकडे. बेटावर फुलांना कामाला लावायला जे मिळालं ते त्यांनी लावलं.

दुसरा शोध मला त्याहून आवडतो. ब्लॅकबर्नियानाची जी झुडपं केवड्याच्या दाटीजवळ होती, त्यांच्याकडे पाली जास्त आल्या आणि फळंही जास्त धरली. पालींना लपायला केवडा लागतो. हा केवडा म्हणजे तिथल्या स्थानिक जाती, पण घराणं आपल्या केवड्याचंच, तीच करवतीच्या पात्यांसारखी पानं. आपल्याकडे केवड्याच्या बनात नाग असतो म्हणतात. तिकडे मध खाणारी पाल.

ताई म्हणाल्या, “आपली माणसं पाटीजवळ यायची नाहीत. फुलावर पाल म्हटलं की आंघोळ करतील.” मी म्हटलं, ही भिंतीवरची पांढरट चुकचुकणारी नव्हे. पोपटी अंगावर तांबडे ठिपके आणि शेपटी निळी. फोटो दाखवला. त्यांनी पेन्सिल काढली आणि फोटोवर नजर ठेवून शेपटीचा बाक एका रेषेत उतरवला. “ही देखणी आहे हो,” म्हणाल्या, पण ‘पाल’ हा शब्द पाटीवर नको असं त्यांचं अजून मत आहे. आम्ही ‘सरडा’ लिहिणार नाही, कारण ती सरडा नाही. वाद उद्यावर.

रात्री त्या पालीचं नाव पाहिलं : फेल्सुमा सेपेडियाना. फेल्सुमा एका डच डॉक्टरवरून. सेपेडियाना लासेपेदवरून, हाही फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ, आणि त्याच्या नावातला ‘ला’ गाळलेला. फुलाने ‘द्यू’ सांडला, पालीने ‘ला’. दोघं त्या कातळांच्या बेटावर अर्ध्या अर्ध्या आडनावाने रोज एकमेकांना भेटतात. मी हसत बसलो. ही म्हणाली, झोपा आता.

२ ऑगस्ट

ओळखीतून ओळख काढत कास्काव्हेलच्या एका आजींशी बोलणं झालं. गाव बेटाच्या पश्चिमेला, ल मॉर्न ज्या जिल्ह्यात तिथलंच. मराठी वस्ती जुनी. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरीकडचे, नेमकं गाव घरात कोणालाच माहीत नाही. मराठी बोलतात, मध्येच तिथली बोली क्रेओल घुसते, नातू पलीकडून फ्रेंचमध्ये ओरडत होता.

फुलाबद्दल विचारलं. म्हणाल्या, ते ‘बूक्ल दोरेय’, म्हणजे कानातलं. शाळेच्या पुस्तकात असतं. अंगणात नाही कोणाच्या. “अंगणात जास्वंद आहे की. गणपतीला लागते.”

जास्वंदीवर मी सावध झालो, कारण ट्रोशेटिया आता जास्वंदीच्याच कुळात आहे. मी शिकवायचो तेव्हा कांडोळाचं कुळ वेगळं आणि जास्वंदीचं वेगळं होतं, ट्रोशेटिया कांडोळाकडे. पुढे जनुकांचे पुरावे आले आणि कांडोळ, कापूस, भेंडी, जास्वंद, मुचकुंद सगळ्यांना एका छपराखाली आणलं. त्यात मुचकुंद तर ट्रोशेटियाच्याच पोटकुळातला. म्हणजे गणपतीच्या ताटातलं फूल आणि ल मॉर्नचं फूल कुळबंधू निघाले.

पण कुळबंधूंचं पटतंच असं नाही. ल मॉर्नवर आणि कोर द गार्द डोंगरावर एक रानजास्वंद आहे, मांद्रिनेत म्हणतात. रानात मोजकीच झाडं उरली. तिला असलेल्या धोक्यांपैकी एक म्हणजे आपली बागेतली जास्वंद. तिच्याशी संकर होतो आणि मूळ वाण पातळ होत जातो. हे मी आजींना सांगितलं नाही. सकाळी उठून गणपतीसाठी फूल तोडणाऱ्या बाईला फोनवरून असलं काही सांगायचं नसतं. पाटीवरही सांगणार नाही. खरा मोठा उपद्रव चिनी पेरूचा आहे. बाहेरून आणलेला हा पेरू रानात असा माजलाय की खाली दुसरं रोप उठत नाही. चांगलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी राहिलंय.

जाता जाता आजींनी त्यांचं आडनाव कसं लिहितात ते सांगितलं. ऐकून मला दोनदा विचारावं लागलं. मूळ नाव आप्रवासी घाटावरच्या कारकुनाने कानाला आलं तसं रोमन अक्षरांत उतरवलं, पुढच्या पिढीने ते फ्रेंच पद्धतीने वाचलं, आणि आता घरातही तसंच म्हणतात. लक्ष्मणाचे तिकडे लछमन झाले, लुक्सिमॉनही झाले. १८३४ पासून जवळपास पाच लाख माणसं त्या घाटाच्या पायऱ्या चढली. कारकुनाला घाई असणारच.

६ ऑगस्ट

‘पाल’ राहिली. ताईंनी हार मानली, पण बदल्यात पालीचा आकार निम्मा केला.

पार्विफ्लोरासाठी एक चौकट मागून घेतली. ही एकोणिसाव्या शतकानंतर कोणाला दिसलीच नव्हती, संपली असं धरून चालले होते. २००१ मध्ये कोर द गार्दवर पुन्हा सापडली. इतकी वर्षं ती फक्त नावापुरती होती. नाव टिकलं होतं म्हणून सापडल्यावर ओळखता आली.

११ ऑगस्ट

वाट चुकलो आणि सेंट हेलेनाला पोचलो. नेपोलियन जिथे कैदेत वारला, ते अटलांटिकमधलं बेट. तिथल्या दोन-तीन झाडांना पूर्वी ट्रोशेटियाच म्हणत. १९८१ मध्ये त्यांना वेगळं काढून ‘ट्रोशेटिऑप्सिस’ नाव दिलं, म्हणजे ट्रोशेटियासारखं दिसणारं. आपल्याकडे जुळ्यांतल्या धाकट्याला ‘अमक्याचा भाऊ’ म्हणतात, त्यातला प्रकार. द्यूत्रोशे ज्या स्पेनमध्ये डॉक्टर होता तिथे नेपोलियनने आपल्या भावाला गादीवर बसवलं होतं. डॉक्टरच्या नावाचं फूल शेवटी बादशहाच्या तुरुंगात उगवलेलं. योगायोगच, पण खोडवत नाही.

त्यांतल्या काळ्या लाकडाच्या ‘एबनी’ची गोष्ट अशी. जहाजांवरून आलेल्या शेळ्यांनी बेट खरवडलं, लोकांनी लाकूड जाळलं, झाड संपलं असं सगळे मानत. १९८० मध्ये जॉर्ज बेंजामिन आणि क्वेंटिन क्रॉंक यांना एका कड्यावर दोन झुडपं दिसली. दोनच. त्यांच्या फांद्या लावून हजारो रोपं केली गेली. आणि मग नावाचा घोळ उघडा झाला : जुन्या नमुन्यांवरचं नाव या झुडपाचं नव्हतंच, ते एका वेगळ्या, खरोखर संपलेल्या जातीचं होतं. १९९५ मध्ये क्रॉंकने जिवंत झाडाला नवं नाव दिलं, एबेनस. सापडल्यावर पंधरा वर्षं ते झाड मेलेल्या भावकीच्या नावावर जगत होतं. बेंजामिनच्या नावाचा एक संकरही आहे.

हे पाटीवर नाही. ग्रंथपाल म्हणतील, प्रदर्शन मॉरिशसचं आहे.

१८ ऑगस्ट

आज खरी कुस्ती. मराठी नाव द्यायचं का?

माझा पहिल्यापासून मोह ‘कर्णफूल’ ठेवायचा. अर्थ फ्रेंच नावाचाच, शब्द आपला, ऐकायला गोड. पाटीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘कर्णफूल’ आणि खाली बारीक अक्षरांत शास्त्रीय नाव. मागच्या आठवड्यात खर्ड्यात तसंच होतं.

आज सकाळी फिरायला गेलो. बंगल्याच्या कुंपणावर बोगनवेल. बघत उभा राहिलो. बूगँव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी. त्याच्या जहाजावरच्या कॉमर्सोंने ती वेल ब्राझीलमध्ये गोळा केली, आणि तोच कॉमर्सों पुढे मॉरिशसला उतरला तो १७७३ मध्ये तिथेच मेला. नाव छापून आलं १७८९ मध्ये. मराठी माणसाने त्या आडनावाचा शेवट ऐकला, त्याला ‘वेल’ ऐकू आलं आणि झाड वेलच होतं! कोणत्या समितीने बसून केलं नाही हे. कुंपणं शिवणाऱ्या माळ्यांनी आणि कुंड्या विकणाऱ्या बायकांनी केलं.

म्हणून ‘कर्णफूल’ खाली घेतलं. इथे कोणी हे फूल पाहिलेलं नाही, कोणी माळलेलं नाही. न पाहिलेल्या फुलाला घरचं लाडकं नाव देणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचं आपण बारसं करणं. ते फूल मॉरिशसच्या लोकांचं, त्यांनी त्याला कानातलं म्हटलंय, आणि त्यांत मराठी आज्याही आहेत. पाटीवर आता असं : वर ‘ट्रोशेटिया’, खाली “मॉरिशसमध्ये याला ‘बूक्ल दोरेय’ म्हणतात, म्हणजे कानातलं”. ताईंनी विचारलं, कुडी की झुमका? चित्र बघून दोघांनीही झुमका म्हटलं.

लिंगाचा प्रश्न त्यातच सुटला. ‘तो ट्रोशेटिया’ कानाला खटकतो, ‘ते’ शाळकरी वाटतं. जास्वंद फुलली, शेवंती फुलली, तशी ट्रोशेटिया फुलली. लॅटिनमध्येही ती बाईच आहे.

२८ ऑगस्ट

छपाईचं प्रूफ आलं. छापखान्याच्या संगणकावर जुना फाँट आहे. माझा मजकूर त्यात नेताना ‘ट्रो’ फुटला आणि ‘ट् रो’ झाला. ‘बूटोनियाना’चं ‘बुटोनियाना’ झालं, ते वाचून मुलं बुटांवर विनोद करणार हे नक्की. तिसऱ्या ओळीत ‘परासरण’चं ‘प्रसारण’. म्हणजे द्यूत्रोशेने आकाशवाणी काढली.

मुलगा बिचारा समंजस होता. म्हणाला, “सर, असले शब्द आमच्याकडे येत नाहीत.” शेजारी बसून एकेक अक्षर बसवलं. ‘ट्रो’च्या खालची ती दोन काड्यांची छपरासारखी खूण जागेवर यायला वीस मिनिटं गेली. ती आली आणि आम्ही दोघांनी चहा मागवला.

एकूण शब्द एकशे बासष्ट. ग्रंथपाल मोजणार नाहीत.

४ सप्टेंबर

पाटी लागली. शेजारी आप्रवासी घाटाची पाटी, तिच्यावर आजींकडून आलेल्या जुन्या कागदाची मोठी केलेली प्रत, नाव वाचता वाचता वाकायला लागतं. पलीकडे डोडो.

शाळा सुटल्यावर मुलं आली. पालीपुढे गर्दी झाली, ताईंचा अंदाज साफ चुकला. एका मुलीने विचारलं, लाल मध माणसाने खाल्ला तर? मला उत्तर नव्हतं. एक गृहस्थ चष्मा वर सरकवून पूर्ण मजकूर मोठ्याने वाचत होते, ‘ट्रोशेटिया’ एका दमात, न अडखळता. मग विचारलं, “रोप मिळेल का नर्सरीत?” ल मॉर्नचा कातळ त्यांना चित्रात दाखवला.

सहाला बंद करायची वेळ झाली. ग्रंथपाल दारातून ओरडले, “मास्तर, ती ट्रोशीची पाटी जरा उजवीकडे घ्या, पंख्याचं बटण झाकलंय.”

घेतली.